सागरी हवेच्या नमुन्यांसाठी क्वार्ट्झ तंतूंचे फिल्टर: दोन सफरींनंतरचे मत

उष्णकटिबंधीय समुद्रावरील हवेच्या सूक्ष्म कणांत कोणती सेंद्रिय संयुगे आहेत हे तपासायचे, तर कण टिपणारा फिल्टर आधी स्वतः निर्मळ हवा. या कसोटीवर क्वार्ट्झ तंतूंचा फिल्टर मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण 450 अंश सेल्सिअसच्या भट्टीत काही तास ठेवला तरी तो टिकतो आणि त्यातला सेंद्रिय अंश जळून जातो. टेफ्लॉनला ही भट्टी सोसत नाही.

आमचे यंत्र मिनिटाला सुमारे 1 घनमीटर, म्हणजे दिवसाला 1,440 घनमीटर हवा ओढत होते. वारा खुल्या समुद्रावरून येत असला, की चोवीस तासांनंतरही फिल्टर जवळजवळ पांढराच निघे. तो जमिनीकडून वाहू लागला, की करडा थर चढे आणि लाकूड व पालापाचोळा जळल्याची खूण असलेले लेव्होग्लुकोसन त्यात सापडे. खरी परीक्षा त्या पांढऱ्या फिल्टरची असते. लाटांतील बुडबुडे फुटताना पाण्याच्या पृष्ठभागावरील पामिटिक आम्लासारखी मेदाम्ले हवेत उडतात. तीच आपल्या बोटांच्या तेलकटपणातही असतात, त्यामुळे चिमट्याऐवजी एकदा जरी बोट लागले तरी तो नमुना वाया गेला असे समजावे.

म्हणूनच एका पुरवठादाराने ‘आधीच भाजलेले’ म्हणून दिलेल्या पाकिटाचा मला मनापासून राग आला. त्यातल्या कोऱ्या फिल्टरांवरच इतका कार्बन निघाला, की त्या आठवड्याचे खुल्या समुद्रावरचे नमुने बाजूला ठेवावे लागले. पाकिटावर काहीही लिहिलेले असो, फिल्टर स्वतः भाजावेत, अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळावेत आणि प्रत्येक सफरीत काही फिल्टर हवा न ओढता, यंत्रात नुसते बसवून परत काढावेत.

क्वार्ट्झ हवेतील सेंद्रिय वायूही शोषतो आणि त्यामुळे कणांतला कार्बन प्रत्यक्षाहून जास्त दिसतो. मागे दुसरा फिल्टर लावला, तर ही वाढ अजमावता येते. जहाजाच्या धुराड्याचा धूर मात्र कोणताच फिल्टर ओळखत नाही, तेव्हा वारा मागून आला की यंत्र आपोआप बंद होण्याची सोय हवीच.

सर्वांत मोठी उणीव ठिसूळपणाची आहे. दमट हवेत कडा रबरी पट्टीला चिकटतात आणि काढताना तंतूंचा भुगा तिथेच राहतो; तो चिमट्याने वेचून त्याच फॉइलमध्ये ठेवला नाही, तर वजनाच्या फरकावरून काढलेले कणांचे प्रमाण कमी भरते.