एका शब्दासाठी घेतलेला शब्दकोश, आणि तो उपयोगी पडला

हवेच्या दाबावरचा एक जुना इंग्रजी मजकूर मराठीत आणताना मी 'एलटर' या शब्दाशी अडले. फोनवरच्या फुकट शब्दकोशाने एकच अर्थ दिला: एक भुंगेरा. हवेच्या प्रयोगात भुंगेरा कुठून येणार? शेवटी वर्गणी भरून व्युत्पत्ती आणि जुने अर्थ देणारं मोठ्या कोशाचं अ‍ॅप घेतलं.

तिथे कोडं सुटलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ हाकणारा, पुढे ढकलणारा. 'इलॅस्टिक'ही त्याच धातूतला. 17 व्या शतकात हवेच्या अंगच्या उसळीला, म्हणजे दाबली तरी परत फुलण्याच्या गुणाला, एलटर म्हणत. 1660 साली हवेवर प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने मात्र पुस्तकाच्या नावात साधा 'स्प्रिंग' शब्द घेतला, आणि मला तोच जास्त आवडतो. भुंगेराही उपराच नव्हता: पाठीवर पडला की 'टक्' आवाज करून तो हवेत उडतो. एक्विसेटम या वनस्पतीच्या बीजाणूला चार पट्ट्या असतात, त्याही एलटरच. ओलाव्यात गुंडाळतात, कोरड्या हवेत उलगडतात.

मराठीत 'लवचिकता' लिहिणार होते, पण लवचिक वस्तू नुसती वाकते. परत फिरेलच असं नाही. 'स्थितिस्थापकता' अचूक, पण वाक्यात जड होते. मी 'उसळी' ठेवला.

अ‍ॅपचा शोध संथ आहे आणि उच्चार ऐकायची सोय या शब्दाला नाही. तरीही जुन्या मजकुरावर काम करणाऱ्याने हे जरूर घ्यावं. मी वर्गणी पुढच्या वर्षासाठीही भरली.