काखेतील सेंटिनल ग्रंथींची बायॉप्सी : माझा अनुभव
स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत माझ्या काखेतील सर्व लसिकाग्रंथी न काढता, रंगद्रव्य टोचून शोधलेल्या पहिल्या दोनच ग्रंथी (सेंटिनल, म्हणजे कर्करोग स्तनातून सर्वांत आधी जिथे पसरू शकतो त्या) तपासल्या गेल्या, आणि त्यांपैकी एकीत कर्करोग सापडूनही शल्यचिकित्सकांनी तिथेच थांबण्याचा सल्ला दिला, तेव्हा मी फार घाबरले होते. त्यांनी झेड ००११ या रुग्णांवरील तुलनात्मक अभ्यासाचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष शांतपणे समजावून सांगितले : एक-दोन ग्रंथी बाधित असलेल्या, स्तन राखून किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांपैकी फक्त सेंटिनल ग्रंथी काढलेल्यांमध्ये १० वर्षांनंतर जगण्याचे प्रमाण ८६.३ टक्के होते, तर सर्व ग्रंथी काढलेल्यांमध्ये ८३.६ टक्के. सर्व ग्रंथी काढल्यावर हात सुजण्याचा धोका अधिक असतो; माझा हात आजवर सुजलेला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. काखेतील बधिरपणाची कल्पना मात्र आधी द्यायला हवी होती.