एडीएचडी थेरपी: या सेंटरमधले आमचे आठ महिने

माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं त्याला वयाच्या मानाने खूप अवघड जातं. पुण्यातल्या या सेंटरला आम्ही आठ महिने येतोय आणि सोसायटीतले, शाळेतले बरेच पालक विचारत असतात म्हणून एकदाच नीट लिहिते.

आधी वर्षभर आम्ही दुसरीकडे जायचो. तिथे चाळीस सेशनचं पॅकेज एकदम घ्यायला लावलं, पोरगा आत कॉम्प्युटरवर लक्ष वाढवायचे गेम खेळणार आणि मी बाहेर खुर्चीवर, आत काय चाललंय ते कधी कळलंच नाही. विचारलं की "छान चाललंय ताई". गेमच्या लेव्हल वाढत गेल्या पण घरी सकाळी तेच, एक मोजा पायात, दुसरा हातात, वीस मिनिटं तसाच बसलेला, खाली व्हॅनवाले काका हॉर्न मारतायत आणि माझा ओरडा वरच्या मजल्यापर्यंत. त्या वर्षाचं मला आजही वाईट वाटतं, पैशांचं कमी आणि ओरडण्याचं जास्त.

इथे आल्यावर कुणी लगेच थेरपी सुरू केली नाही. आधी दोन वेळा नुसती माहिती घेतली, झोप कशी आहे विचारलं, कान-डोळे तपासून आणायला सांगितले, आम्हाला एक फॉर्म आणि वर्गशिक्षिकांना वेगळा फॉर्म. सेंटरच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं की एडीएचडी ओळखायला रक्ताची टेस्ट किंवा स्कॅन नसतो, लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून हवीत आणि नुसती घरी किंवा नुसती शाळेत असून चालत नाही. मग म्हणाल्या, पहिली आठ सेशन तुम्हा दोघांची, मुलाला आणू नका. माझा नवरा गाडीत बसल्या बसल्या म्हणाला, थेरपी त्याची आणि क्लास आपला?

पण खरा फरक तिथेच पडला. "आवर लवकर" ही सूचनाच नाही हे मला तिथे कळलं. किचनमधून हाक मारायची नाही, जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, त्याने बघितलं की एकच गोष्ट सांगायची, "मोजे घाल". घातले की तिथल्या तिथे म्हणायचं, "एकदा सांगितल्यावर घातलेस, मस्त". आणि काचेच्या बरणीत एक राजमा टाकायचा, दहा झाले की संध्याकाळी बाबाबरोबर बॅडमिंटन. टाकलेला राजमा चिडून परत काढायचा नाही, हे मॅडमनी तीनतीनदा बजावलं. सासूबाई आधी म्हणायच्या मुलगे असेच वांड असतात, कसली थेरपी, आता बरणी त्यांच्याच ताब्यात असते आणि रोज सकाळी मोजे आधी त्या मागतात. व्हॅन अजून कधीकधी थांबते पण घरात आरडाओरडा नाही.

औषधाचं सांगायलाच हवं कारण मी स्वतः तीन महिने घाबरून टाळलं. इथे कुणी जबरदस्ती केली नाही, बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, त्यांनी शांतपणे समजावलं की सहा वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये आधी आईवडिलांचं ट्रेनिंग, त्यापुढच्या वयात गरज असेल तर थेरपीच्या जोडीला औषध. मिथाइलफेनिडेट नावाचं, लक्ष टिकायला मदत करणारं औषध सुरू झालं. ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येतं, त्यामुळे प्रत्येक मेडिकलवाल्याकडे मिळत नाही, गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी शोधायला लागा. भूक कमी होते, डबा अर्धा परत येतो, म्हणून आम्ही गोळीच्या आधी पोटभर पोहे नाहीतर थालीपीठ देतो आणि रात्री झोपायच्या आधी परत दूध-केळं. वजन आणि उंची डॉक्टर नियमित बघतात.

माझी चौदा वर्षांची भाचीही आता इथेच येते. ती कधीच भिंगरीसारखी पळाली नाही, वर्गात गप्प, खिडकीबाहेर बघत बसायची, त्यामुळे सगळ्यांनी आळशी म्हणून सोडून दिलं, नववीपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही. मोठ्या मुलांसाठी इथे राजमा वगैरे नाही. थेरपिस्ट आधी तिच्याशी एकटीशी बोलतात, प्रोजेक्टचे छोटे तुकडे करून तारखा तीच तिच्या डायरीत लिहिते, अभ्यासाच्या वेळी फोन कुठे ठेवायचा तेही तिनेच ठरवलं. बहीण सांगत होती की पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आई, मी ढ नाहीये", आणि दोघी पार्किंगमध्ये रडल्या.

आता तक्रारी. ज्या मुलांना थांबणं सगळ्यात अवघड त्यांनाच इथे चाळीस मिनिटं थांबायला लावतात, वेटिंगमध्ये एक फुटकं कोडं आणि टीव्ही, हे बदलायलाच पाहिजे. शाळेसाठी पत्र मिळायला दोन महिने लागले, ते पण चारदा फोन केल्यावर. पंचेचाळीस मिनिटांचे पंधराशे रुपये, आमच्या इन्शुरन्समध्ये बसत नाही, दर आठवड्याला सगळ्यांना नाही जमणार. आम्ही मॅडमना सांगून आता पंधरा दिवसांनी जातो, त्यांनी चटकन हो म्हटलं.

पाचपैकी चार स्टार. फोन कराल तेव्हा आईवडिलांच्या सेशनबद्दल आधी विचारा आणि शक्यतो दोघंही जा. शनिवारचे स्लॉट महिनाभर आधी भरतात, मंगळवारी दुपारी मात्र जागा असते आणि गर्दीही कमी.