विहिरीसाठी डिझेल पंप: पट्ट्यावरचे जड इंजिन की उचलता येणारा हलका संच?

दिवसा वीज मिळत नाही आणि सौरपंप अजून हाती आलेला नाही, अशा शेतकऱ्यासमोर साधारणपणे हेच दोन पर्याय असतात. किंमत आणि डिझेलचा खर्च प्रत्येक जण विचारतोच. परंतु अपघात कोठे आणि कसा होऊ शकतो, याबाबत हे दोन्ही संच अगदी वेगळे आहेत आणि निवड त्यावरूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मिनिटाला सुमारे 650 फेरे घेणारे लिस्टर (मूळ इंग्लिश कंपनी) पद्धतीचे इंजिन तीनशे किलोंहून जड असल्याने ते काँक्रीटच्या ओट्यावर कायमचे बसवावे लागते. त्याचा धोका उघड दिसतो: फिरते चाक आणि मोकळा पट्टा. धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा गळ्यातला गमछा पट्ट्यात सापडला, तर माणूस क्षणात ओढला जातो. म्हणून पट्ट्याला जाळीचे आवरण हवेच. हँडल मारताना अंगठा मुठीभोवती न वळवता इतर बोटांच्याच बाजूला ठेवावा, कारण इंजिनाने उलटा झटका दिल्यास हँडल हातातून सुटले पाहिजे, मनगट मोडता कामा नये.

हलक्या संचात इंजिन आणि पंप थेट जोडलेले असल्याने पट्टा नसतो, आणि नदीकाठी किंवा शेततळ्यावर तो निःसंशय सोयीचा ठरतो. विहिरीवर मात्र त्याचा हलकेपणाच घातक ठरू शकतो. पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबाच्या बळावर. समुद्रसपाटीला ही मर्यादा हिशेबाने 10.3 मीटर असली, तरी प्रत्यक्षात सहा-सात मीटरच धरावी आणि पठारावर त्याहूनही थोडी कमी. एप्रिल-मे महिन्यांत पाणी त्याखाली गेले की संच दोराने विहिरीतल्या टप्प्यावर उतरवण्याचा मोह होतो. तेथे धुराड्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. इंजिन बंद केल्यावरही तो आत राहतो, त्यामुळे फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाची झडप) पाहायला उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला धावलेला दुसराही तेथेच कोसळतो. धुराड्याला लांब पाइप जोडला की धोका टळतो, हा समज चुकीचा आहे, कारण सांध्यांतून धूर गळतच राहतो.

डिझेल भरण्याचा नियम दोन्हींना सारखाच: इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन मगच टाकी उघडावी.

बारमाही वरच्या पातळीचे पाणी असेल, तर आवरण घातलेले जड इंजिन घ्यावे; पाण्याची जागा बदलत असेल, तर हलका संच. उन्हाळ्यात पाणी सात मीटरच्या खाली जाणारी विहीर असेल, तर यांपैकी एकही घेऊ नये. तेथे पाण्यात बुडणारा विजेचा पंप आणि काठावर, मोकळ्या हवेत ठेवलेला जनरेटर हाच योग्य पर्याय आहे.