दिवा कोणता, बिघाड कशाने? नव्या गाडीच्या दिव्यांची वॉरंटी आणि काही महिन्यांचा अनुभव

नवी गाडी घेताना वॉरंटीचा एकच आकडा आपल्या लक्षात राहतो: इतकी वर्षे किंवा इतके किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते. दिव्यांच्या बाबतीत तेवढ्यावर भागत नाही, असे काही महिने गाडी वापरल्यानंतर आणि या काळात दिव्यांच्या दोन तक्रारी सर्व्हिस सेंटरपर्यंत नेल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे. दिव्याचा नेमका कोणता भाग बिघडला आणि तो कशामुळे बिघडला, यावरच खर्च कंपनी करणार की आपण, हे ठरते.

माझ्या गाडीचे हेडलाइट आणि दिवसा लागणारी पट्टी एलईडीची आहे, तर मागचे इंडिकेटर, रिव्हर्सचा दिवा आणि नंबर प्लेटवरचा दिवा साध्या बल्बचे आहेत. वॉरंटीच्या पुस्तिकेत साधे बल्ब हे फ्यूज, वायपरची रबरे आणि ब्रेक पॅड यांच्यासोबत झिजणाऱ्या वस्तूंच्या यादीत असतात. काही कंपन्या सुरुवातीच्या मर्यादित काळासाठी तेही बदलून देतात. हे मला रास्त वाटते. हॅलोजन बल्बमधली टंगस्टनची तार प्रत्येक वापरात थोडीथोडी विरत जाते, हेडलाइटच्या बल्बचे आयुष्य साधारण ५०० ते १००० तासांचे असते, आणि व्होल्टेज केवळ ५ टक्क्यांनी सतत जास्त राहिले तरी ते जवळजवळ निम्म्यावर येते. मात्र एकच बल्ब वारंवार उडत असेल, तर होल्डर, वायरिंग किंवा चार्जिंग तपासून घेण्याचा आग्रह धरावा, कारण दोष तिथे निघाला तर तो भाग सहसा वॉरंटीत बसतो.

एलईडीचे गणित वेगळे आहे. बहुतेक गाड्यांत एलईडी, तिला विजेचा प्रवाह पुरवणारा ड्रायव्हर, उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी आणि काच हे सारे एकाच बंद युनिटमध्ये असते, त्यामुळे आतला एक ठिपका विझला तरी पूर्ण हेडलाइट बदलावा लागतो. हे युनिट झिजणाऱ्या वस्तूंत न धरता विजेचा भाग म्हणून मूळ वॉरंटीत धरले जाते. माझ्या डाव्या हेडलाइटच्या पट्टीचा शेवटचा तुकडा इंजिन तापल्यावर लुकलुकायचा आणि गाडी थंड असताना व्यवस्थित लागायचा. सर्व्हिस सेंटरमध्ये पोहोचल्यावर दोष दिसेलच याची खात्री नसल्याने मी तो घडत असतानाच त्याचा व्हिडिओ काढून ठेवला, आणि त्यावरूनच तक्रार मान्य झाली. नवे युनिट बसवल्यावर प्रकाशाची उंची भिंतीवर पाहून पुन्हा जुळवावी लागते. ती जुळवल्याची नोंदही मी जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या तक्रार-कामाच्या नोंदपत्रावर, करून घेतली. बदललेल्या भागाला सहसा मूळ वॉरंटीचा उरलेला काळच मिळतो, नव्याने पूर्ण मुदत सुरू होत नाही.

सर्वांत जास्त वाद होतो तो हेडलाइटमधल्या पाण्यावरून. हेडलाइट पूर्ण हवाबंद नसतो. दिवा तापल्यावर फुगलेली हवा बाहेर जावी म्हणून त्याला मागे बारीक छिद्रे ठेवलेली असतात, आणि दिवा थंड झाला की त्याच वाटेने दमट हवा आत येते. म्हणून पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर काचेच्या आतून पातळ वाफ धरणे हा दोष मानला जात नाही, आणि दिवे लावून गाडी चालवली की ती हळूहळू विरते. माझ्या उजव्या हेडलाइटमध्ये मात्र काचेवरून ओघळलेले थेंब स्पष्ट दिसत होते आणि खालच्या कोपऱ्यात साचलेल्या पाण्याची रेघ गाडी उतारावर उभी केली की तिरकी व्हायची. सर्व्हिस ॲडव्हायझरने जॉब कार्डवर आधी ‘हेडलाइटमध्ये वाफ’ एवढेच लिहिले. ‘खालच्या कोपऱ्यात पाणी साचते, दिवे लावून चालवल्यानंतरही वाळत नाही’ असे मी त्यांना लिहायला लावले, कारण पहिल्या वाक्यावर तक्रार नाकारता येते, दुसऱ्यावर नाही. त्यानंतर त्यांनी काचेला तडा, बंपरला मार, मागच्या झाकणाची रबरी कड आणि बसवणीच्या खुंट्या असे सगळे तपासले. ही तपासणी योग्यच आहे. दगड लागून काच तडकली असती तर तो वॉरंटीचा विषय न राहता विम्याचा झाला असता. तसे काहीच न निघाल्याने जोडणीतला दोष मान्य झाला आणि युनिट बदलून मिळाले.

बाहेरून जास्त वॅटचे बल्ब बसवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. १२ व्होल्टवर ५५ वॅटचा बल्ब साधारण साडेचार अँपिअर घेतो, १०० वॅटचा आठांहून अधिक. त्या उष्णतेने होल्डर वितळला, तर वायरिंगचा दावा नाकारला जाणे साहजिक आहे. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडी बल्ब घातला की प्रकाशाचा केंद्रबिंदू सरकतो आणि समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर झोत जातो, हा धोका तर वॉरंटीहूनही मोठा आहे.

हेडलाइटची ‘काच’ पिवळी पडणे हे ती ज्याची असते त्या पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकवर सूर्याच्या अतिनील किरणांमुळे होते, आणि ते बहुधा वॉरंटी संपल्यावरच जाणवते. इंजिन-गिअरबॉक्सच्या दीर्घ वॉरंटीचा दिव्यांशी काही संबंध नसतो. वाढीव वॉरंटी घेण्याआधी तिच्या यादीत हेडलाइटचे युनिट आणि त्याचा कंट्रोलर स्पष्ट लिहिलेले आहेत का, हे पाहावे. एलईडी हेडलाइट असलेल्या गाडीत ते नसतील, तर दिव्यांपुरता तिचा उपयोग शून्य आहे. मूळ वॉरंटी संपण्याआधीच्या शेवटच्या सर्व्हिसिंगला मी सगळे दिवे रात्री लावून तपासणार आहे, आणि किरकोळ लुकलुक दिसली तरी तारखेसह जॉब कार्डवर चढवूनच गाडी ताब्यात घेणार आहे.