वाळवंटातल्या साधूंचा एकांत, सात महिने वापरून

फेब्रुवारीपासून दर शनिवारी सकाळी १० ते २ गच्चीवरच्या खोलीत एकटा बसतोय, फोन खाली आईकडे. पद्धत इजिप्तच्या वाळवंटातल्या चौथ्या शतकातल्या ख्रिस्ती साधूंची. मी ख्रिश्चन नाही, पण त्यांच्यातला मोशे एकाला म्हणाला होता की जा, खोलीत बस, खोलीच सगळं शिकवेल, ते डोक्यात बसलं.

पहिले दोन महिने खोलीने शिकवलं काय, तर टाकीचा व्हॉल्व्ह गळतो. शांतता वगैरे सोडा, जुन्या ऑफिसमधली भांडणं वर आली आणि मी ती मनातल्या मनात जिंकत बसलो. साडेअकराला तर घड्याळ अडकायचंच. मग त्यांच्यातल्याच एव्हाग्रियसचं वाचलं (३९९ मध्ये वारला), तो म्हणतो अकेडिया, म्हणजे कंटाळा, नावाचं भूत साधारण दहाला येतं ते दोनपर्यंत छळतं, सूर्य हलतच नाही असं वाटतं, साधू सारखा खिडकीबाहेर बघतो, जेवायला अजून किती वेळ आहे ते. म्हणजे मी नेमकी भुताची शिफ्टच पकडली होती!

फरक पडला हाताला काम दिल्यावर. त्याच साधूंमधल्या अंतोनीलाही हाच कंटाळा आलेला, तेव्हा त्याला आपल्यासारखाच एकजण दिसला, बसून दोर वळतोय, उठून प्रार्थना करतोय, परत दोर. ते लोक खजुराच्या पात्यांचे दोर, टोपल्या करायचे, मला पाती कुठली मिळायला, मी आईकडून कापूस घेतला आणि वाती वळायला लागलो. सुरुवातीच्या वाती म्हणजे सुरवंट. बोटाला दुधाचा थेंब लावला की कापूस सुटत नाही, हे तिनेच सांगितलं, वर म्हणाली, "येशूचं ध्यान आणि वाती मारुतीच्या? एक काहीतरी धड कर रे." पण वळायचं, उठायचं, 'देवा, मदतीला धाव' एवढंच म्हणायचं, परत बसायचं, यात दोन वाजतात. पावल नावाच्या साधूला बाजार इतका लांब होता की माल विकून मिळेल त्यापेक्षा न्यायचं भाडं जास्त, म्हणून तो वर्षभर केलेलं सगळं काम जाळून टाकायचा आणि पुन्हा सुरू. माझ्या निदान देवळात जळतात.

ही पद्धत साक्षात्कारासाठी घेणार असाल तर घेऊ नका. एका साधूपुढे सैतान गब्रिएल देवदूत बनून आला तर हा म्हणे, बघा, दुसऱ्या कोणाकडे पाठवलं असेल, माझी लायकी नाही. दर्शनावरच संशय असलेली माणसं ही. राग कमी झाला का म्हणाल तर नाही, आता येताना दिसतो फक्त, तेही शनिवारी. सोमवारी काही दिसत नाही.

आणि थेट चार तासांनी सुरुवात करू नका, मी केली, गुडघे गेले. तासभर बसा, खाली जाड सतरंजी घ्या.