पाणी बंद ठेवून केलेली फसवणूक : कमोडच्या दुरुस्तीचा अनुभव

कमोडच्या टाकीतून भांड्यात सतत पाणी झिरपत होते, एवढीच कोल्हापुरातील शिवाजी पेठेतल्या आमच्या घराची तक्रार होती. या किरकोळ बिघाडाचे निमित्त करून एका प्लंबरने माझ्या आई-वडिलांकडून साडेआठ हजार रुपये उकळले. त्याने वापरलेली युक्ती कोणत्याही घरी चालू शकते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

घरी ते दोघेच होते. जिन्यात चिकटवलेल्या जाहिरातीवरून बोलावलेला हा माणूस आल्या आल्या गच्चीवर गेला आणि टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून खाली आला. मग बाथरूमच्या भिंतीवरची ओल दाखवून तो म्हणाला, "काकू, भिंतीतला पाइप फुटलाय. फरशी फोडल्याशिवाय इलाज नाही, आणि तोवर पाणी सोडलं तर सगळी भिंत खराब होईल." पावसाळ्यात आमच्या भागातील जुन्या घरांच्या भिंतींना ओल येतेच, पण ती बोटाने दाखवून कुणी असे सांगितले की घाबरायला होते. स्वयंपाकघरापासून शौचालयापर्यंत कुठेही पाणी नाही, वडिलांना मधुमेहामुळे वारंवार शौचालयाला जावे लागते, आणि पैसे हातात आल्याशिवाय हा माणूस कामाला हात लावायला तयार नाही, अशा कोंडीत वडिलांनी मोबाइलवरून पूर्ण रक्कम पाठवली. त्यानंतर त्याने एक फरशी फोडली, तिथे सिमेंट थापले आणि टाकीतला सगळा संच नवा बसवल्याचे सांगितले. जुना संच मागितला तेव्हा पिशवी उघडूनही दाखवली नाही, पावतीही दिली नाही.

पाणी पुन्हा झिरपू लागल्यावर आम्ही ओळखीच्या एका वयस्कर मिस्त्रींना बोलावले. आतला संच जुनाच होता. तळाचा झिजलेला रबरी वायसर फक्त उलटा करून बसवला होता. लक्ष्मीपुरीतून आणलेल्या, शंभर रुपयांच्या आतल्या नव्या वायसरने काम झाले. भिंतीतला पाइप फुटला तर पाणी भिंतीत मुरते, कमोडच्या भांड्यात येत नाही, हे त्यांनी सांगितले तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आले, आणि मला तर त्या माणसाचा संताप अजूनही आवरत नाही.

त्याचे सारे बळ बंद केलेल्या पाण्यात होते, आणि ते पाणी बंद करण्याची गरजच नव्हती. फ्लशच्या टाकीला पाणी देणाऱ्या नळीच्या मुळाशी, भिंतीलगत, अँगल कॉक म्हणजे एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की फक्त कमोडचे पाणी थांबते आणि बाकीचे घर चालू राहते. रस्त्याकडचा मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करून मात्र उपयोग नाही, कारण गच्चीवरची टाकी भरलेली असते आणि पाणी तिथून उतरते. अँगल कॉक गंजून घट्ट बसला असेल तर पान्याने जोर लावू नये; भिंतीतला जोड तुटू शकतो. अशा वेळीच गच्चीवरचा, शौचालयाकडे जाणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद करावा.

बिघाड कुठे आहे, हेही याच कॉकने कळते. फ्लशची टाकी भरू द्यावी, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करावी, कॉक बंद करावा आणि अर्धा तास फ्लश करू नये. पातळी खाली गेली तर बहुधा तळाचा वायसर झिजला आहे. पातळी तशीच राहिली आणि कॉक उघडल्यावर पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे टाकीतले जादा पाणी भांड्यात सोडणाऱ्या नळीत जाऊ लागले, तर टाकी भरल्यावर पाणी थांबवणारा बॉलकॉक बिघडला आहे किंवा त्याचा तरंगा जास्त उंचीवर बसवला आहे. पाणी त्या नळीच्या तोंडाखाली सुमारे एक इंच थांबायला हवे. वायसर बदलायचा असेल तर कॉक बंद करून टाकी रिकामी करावी आणि जुना वायसर नमुना म्हणून दुकानात न्यावा, कारण मापे वेगवेगळी असतात.

आई-वडील एकटे राहत असतील तर हे दोन्ही व्हॉल्व्ह त्यांना प्रत्यक्ष फिरवून दाखवावेत. प्लंबर आला की गच्चीवर त्याच्याबरोबर कुणीतरी जावे, आणि काढलेला प्रत्येक भाग आपल्याकडे ठेवून घ्यावा.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेची पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही. मोबाइलवरून पाठवलेल्या पैशांची नोंद, फोडलेल्या फरशीची छायाचित्रे आणि तो उलटा बसवलेला वायसर आम्ही जपून ठेवला आहे. त्यांच्या आधारे वडिलांच्या नावाने लेखी तक्रार करीत आहोत.